पुसलेला खांब

मी एक मेमरी कार्ड बोलतोय. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं अंग, रंग काळा, पाठीवर नऊ सोनेरी पट्ट्या. डाव्या कुशीला एक इवलीशी कडी होती, ती आता नाही. ती कुणाच्या नखाने तुटली ते मला ठाऊक आहे. झालं गेलं विसरून जावं, असं शहाणी माणसं सांगतात. मला ते जमत नाही. लक्षात ठेवायचं एवढंच काम मला दिलंय, आणि ज्याच्या लक्षात राहतं त्याचा राग निवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माणसांचे नुसते डोळे दिसत, बाकी सगळं पांढऱ्या कपड्यात झाकलेलं. जन्मल्याबरोबर त्यांनी मला गच्च भरलं, वाचलं आणि पुसलं. तिथेच एक गोष्ट मला कळली. पुसतात म्हणजे माणसं काय करतात? दारावरच्या पाट्या काढतात. आतले रहिवासी आपापल्या खोलीत तसेच बसून असतात. त्यांच्या जागी नवं बिऱ्हाड आलं, तरच ते कायमचे जातात. बहुतेक माणसांना हे माहीत नसतं. ज्याने माझं वाटोळं करायचं ठरवलं त्यालाही माहीत नव्हतं.

दुकानात एका खिळ्याला मी पाच महिने लटकलो. मग एका बाईने मला विकत घेतलं. ती एका दैनिकाची फोटोग्राफर होती आणि कचेरीत सगळे तिला वादळबाई म्हणत. आभाळ काळवंडलं की इतर लोक खिडक्या लावून घेत. ही बॅग खांद्याला लावून बाहेर पडायची.

तिचं काम मी आतून पाहिलंय, म्हणून सांगतो. वादळाचा फोटो म्हणजे चिकाटीची हमाली आहे. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, ट्रायपॉडच्या पोटाला दगडांची थैली, खिशात लेन्स पुसायला बापाचा जुना बनियन. विजेचा एक फोटो मिळावा म्हणून ती पंधरा-पंधरा सेकंद शटर उघडं ठेवायची. चाळीस फ्रेम काळ्याठिक्कर, एकेचाळिसाव्या फ्रेमला वीज, आणि तीही कधीकधी चौकटीबाहेर. माझ्या पोटात तिच्या चांगल्या फोटोंपेक्षा फसलेलेच जास्त असत. त्याची मला कधी लाज वाटली नाही. पावसाचा पडदा डोंगरावरून सरकत यायचा, गारा छत्रीवर ताडताड वाजायच्या, आणि ही बाई पिशवीत डोकं घालून चमक आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजत असायची. एक, दोन, तीन.

तिची एक सवय होती. कॅमेऱ्याचं घड्याळ कायम चुकीचं. बॅटरी बदलली की ते कुठल्या तरी जुन्या तारखेला जाऊन बसायचं, आणि ते लावायचा तिला भयंकर कंटाळा. पण वादळाचे फोटो ती हवामान खात्यालाही पाठवायची, आणि त्यांना मिनिटापर्यंत अचूक वेळ लागायची. म्हणून निघताना ती वडिलांच्या मनगटावरचं किल्लीचं घड्याळ काढून घ्यायची आणि कामाच्या जागी पोचली की पहिली फ्रेम त्या घड्याळाची काढायची. बाकी सगळ्या फ्रेमचा हिशेब त्यावरून.

"घड्याळ नेतेस, मग मी दिवसभर काय करू?" वडील विचारायचे.

"तुम्हाला कुठे गाडी पकडायचीय, बाबा?"

"माणसाला नुसतं बसायलासुद्धा वेळ कळावी लागते."

असं बडबडत, पण हात पुढे करत. ते घड्याळ रोज सकाळी सातच्या बातम्यांच्या ठोक्याला जुळवलेलं असे.

आता त्या दिवसाकडे येतो.

शहराबाहेर मोठा जलाशय आहे. अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडच्या काठाला लाँच जाते. धक्क्यावर एक उंच खांब. त्यावर लाल झेंडा चढला की फेरी बंद, खांब रिकामा असला की फेरी चालू. झेंडा चढवायचं काम धक्क्याच्या व्यवस्थापकाचं. आधीचा झेंडा कुणीतरी पळवला होता, म्हणून साहेबांनी नवा झेंडा पेटीत ठेवून कुलूप लावलं होतं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती.

आम्ही पोचलो तेव्हा वडिलांच्या घड्याळात तीन पन्नास झाले होते. पहिली फ्रेम त्याची. समोर पाण्यावर ढगांची अशी फळी तयार होत होती, की इतक्या वर्षांत मी तशी पाहिली नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत सलग, खालून कापल्यासारखी सपाट, आणि तिच्या पोटात हिरवट काळोख. एरवी वादळबाई पायऱ्यांच्या डाव्या अंगाला उभी राहायची, म्हणजे तो खांब फोटोत येत नसे. त्या दिवशी वारा इतका होता की दगडांसकट ट्रायपॉड सरकत होता. तिने तिकीटखोलीच्या भिंतीचा आडोसा घेतला. तिथून खांब नेमका मधोमध आला.

"मेला हा खांब!" ती पुटपुटली आणि कामाला लागली.

लाँचचा चालक शेजारी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, अंगात पांढरा सदरा.

"बाई, फोटो झकास येणार दिसतोय."

"फारच."

"म्हणजे आज आमचं काही खरं नाही," तो हसून म्हणाला आणि तिकिटाच्या खिडकीकडे वळला. "अहो कारकूनसाहेब, लाल लावता ना?"

"पेटीला कुलूप आहे. किल्ली साहेबांकडे. साहेब जेवायला घरी गेलेत."

"चार वाजून गेले की."

"मग पडले असतील जरा. मी काय जाऊन त्यांना उठवू?"

"फोन करा."

"दोनदा केला. उचलत नाहीत."

"मग मी नेत नाही लाँच."

"नका नेऊ. मागल्या वर्षी नेली नव्हतीत, तेव्हा महिनाभर घरी बसवलं होतं ना? खांब रिकामा म्हणजे फेरी चालू. नियम मी केलेला नाही."

खांबाखालीच चालकाच्या बायकोची चहाची टपरी होती. ती तिथून ओरडली, "अहो, थांबा की जरा! उतारू काय पळून चाललेत?"

"थांबलो तर पोसशील का?"

"इतकी वर्षं दुसरं काय करतेय?"

उतारूही हसले. तोही हसला आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरला.

हे सगळं मी ऐकलं. पण मला चित्र साठवता येतं, आवाज नाही. वादळबाईच्या कानांवरही ते पडलं असणार, पण ती पिशवीत डोकं घालून सेकंद मोजत होती. एकशे सदतिसाव्या फ्रेमला शटर उघडलं आणि बंद झालं. त्या फ्रेममध्ये ढगांची ती फळी आहे, वाकलेलं गवत आहे, धक्क्यापासून हातभर सुटलेली लाँच आहे, पांढरा सदरा घातलेला माणूस दोरी ओढून घेतोय. आणि मधोमध खांब आहे, टोकापासून बुंध्यापर्यंत रिकामा.

मग गारा सुरू झाल्या. कचेरीच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. आम्ही निघालो.

कचेरीत फोटोविभागाचा प्रमुख होता. त्याला सगळे कात्रीसाहेब म्हणत, कारण हाती आलेला कुठलाही फोटो कापल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने पडद्यावर एकशे सदतिसावी फ्रेम उघडली आणि शीळ घातली.

"वादळबाई, आज तू सोनं आणलंस. पण हा खांब बघ. ढगाच्या पोटात भाला खुपसल्यासारखा उभाय. काढून टाक."

"काढू? साहेब, दैनिकाचा फोटो आहे."

"हवामानाच्या पानावर जातोय. लोक ढग बघणार, खांब कोण मोजत बसतंय? दोन मिनिटांचं काम."

खरं सांगायचं तर तिलाही तो खांब नको होता. तिने पडद्यावर खांबाच्या जागी आजूबाजूचा ढग पसरला. दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यावर झेंडा आहे की नाही, हे बघावं असं तिच्या मनातही आलं नाही. खांब गेला, आणि तो कधी होता असं वाटूही नये इतक्या सफाईने गेला. तिचा हात चांगला होता, हेच वाईट झालं.

तासाभराने बातमी आली. लाँच मध्यावर उलटली होती. चालकाने चौघांना ओढून एका तरंगत्या पिंपावर चढवलं आणि पाचव्यासाठी परत गेला, तो आलाच नाही. अकरा उतारू गेले, बारावा तो. फोटो हवामानाच्या पानावरून उचलला गेला आणि पहिल्या पानावर आठ कॉलम लागला. बिनखांबाचा. त्या धांदलीत खांब कुणाच्या लक्षात येणार?

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाचं निवेदन आलं. 'चार वाजून दहा मिनिटांनी लाल झेंडा चढवला होता, नोंदवहीत तशी नोंद आहे. चालकाने मुजोरी करून लाँच नेली.' मेलेल्या माणसावर मुजोरीचा आळ घालायला काही लागत नाही, नोंदवही आणि पेन पुरतं. कारकुनाने तोंड शिवून घेतलं. वाचलेले चौघे म्हणाले, आम्ही खांबाकडे बघितलंच नाही. बायको सांगत होती की झेंडा नव्हता, पण बायको काय, नवऱ्याच्याच बाजूने बोलणार.

त्याच दुपारी कात्रीसाहेबाला फोन आला. पलीकडे व्यवस्थापक होता, दोघे जुने दोस्त. कात्रीसाहेब म्हणत होता, "हो... हो. बघतो. अरे, काळजी कशाला करतोस?" मग त्याने दार लोटलं, संगणकातले मूळ फोटो उघडले, एकशे सदतिसाव्या फ्रेमवर बराच वेळ थांबला आणि एकेक करून सगळे उडवले. नंतर त्याने मला कॅमेऱ्यात घातलं. कॅमेऱ्याने विचारलं, सगळं पुसायचं? त्याने 'हो' दाबलं.

माझ्या दारांवरच्या पाट्या निघाल्या. माणसं आत बसून राहिली.

आणि मग तो घाईत मला बाहेर ओढायला गेला. मी जरा अडकलो. त्याने अंगठ्याचं नख घातलं आणि माझ्या कुशीची कडी कट्कन तुटून टेबलाखाली उडाली. ती कडी म्हणजे माझं कुलूप. ती नसली की कुठल्याही कॅमेऱ्याला वाटतं, या कार्डाला कुलूप आहे, यावर काही लिहिता येणार नाही. म्हणजे बघा, पुसणाऱ्यानेच मला कुलूप घातलं! दुसऱ्या दिवशी कुणीतरी मला वापरायला घेतलं. 'कार्ड लॉक आहे,' असं म्हणत मला कात्रीसाहेबाच्या खणात फेकलं. वाळलेली पेनं, गंजलेल्या टाचण्या, खोकल्याच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, आणि मी. माझ्या अंगावर नवं बिऱ्हाड आता येणार नव्हतं. तो रोज खण उघडायचा, गोळी शोधायचा, मला बाजूला सारायचा. मी मनात म्हणायचो, सार. सारत राहा.

चार महिन्यांनी चौकशीचा अहवाल आला. दोष चालकाचा. आणि त्या अहवालाच्या मुखपृष्ठावर काय छापलं होतं? माझा फोटो. बिनखांबाचा. ज्या खांबावर सगळा अहवाल उभा होता, तो खांबच नसलेला फोटो त्यांनी वर लावला, आणि एकाही हुशार माणसाच्या डोळ्यांत ते आलं नाही. वादळबाईला त्याच फोटोसाठी एक पारितोषिकही मिळालं. धक्क्यावर दगड बसवला, त्यावर अकरा नावं कोरली. बाराव्याचं कोरलं नाही. अपराध्याचं नाव कसं कोरणार?

मग एका सकाळी चालकाची बायको कचेरीत आली. हातात अहवाल होता, घडी पडून पडून मऊ झालेला. वादळबाई नेमकी कात्रीसाहेबाच्या टेबलापाशी उभी होती.

"फोटो काढणाऱ्या ताई तुम्हीच ना? एक विचारायचंय. भांडायला आले नाही."

"बोला ना, वहिनी."

तिने मुखपृष्ठावर बोट ठेवलं. "ही आमची तुटकी पायरी. हा दिवा. बरोबर? आता या दोघांच्या मधे खांब असतो. पंधरा वर्षं त्याच खांबाला टेकून मी चहा विकलाय. तो गेला कुठे?"

वादळबाईचा चेहरा मी खणाच्या फटीतून पाहिला. रंग उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"साहेब," ती वळून म्हणाली, "मूळ फोटो कुठंय?"

"अगं, किती साठवणार आपण? उडाला असेल."

"आणि कार्ड?"

कात्रीसाहेब हसला. त्याने खण उघडला आणि स्वतःच्या हाताने मला तिच्या तळहातावर ठेवलं. "घे. खराब आहे आणि रिकामंही आहे. देवाला वाहा नेऊन."

साहेब, तुमच्या आयुष्यात तुमच्या हातून झालेलं ते एकमेव सत्कृत्य. तेही तुम्हाला न कळता झालं.

त्या दोघी मला घेऊन एका दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. अरुंद दुकान, भिंतीला उघडे फोन टांगलेले. त्याने मला उलटसुलट केलं. "कडी तुटलीय? मग तुमचं नशीब चांगलं. कुणी यावर काही लिहिलेलं नसणार. बसा, दोन तास लागतील."

पहिलं वर आलं ते वडिलांचं घड्याळ. तीन पन्नास. मग ढगांच्या फसलेल्या फ्रेम, एकामागून एक. मग एकशे सदतिसावी. चालकाच्या बायकोने पुढे होऊन पडद्यावरच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या सदऱ्यावर बोट ठेवलं.

"हे. दोरी ओढताहेत. सदऱ्याचं वरचं बटण मीच लावलं होतं, वारा होता म्हणून." मग बोट खांबावर गेलं. खालून वरपर्यंत सावकाश. "आणि हा बघा. काही नाही."

वादळबाई म्हणाली, "वहिनी, खांब मी पुसला. कुणी सांगितलं हे खरं, पण हात माझा होता."

बायको तिच्याकडे वळली. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. बसली असती तरी मी बाईची बाजू घेतली नसती.

"मग आता तुम्हीच उभा करा," ती म्हणाली.

वादळबाईने उभा केला. त्या फ्रेमवरून फेरचौकशी लागली, आणि पहिल्याच दिवशी तिने लेखी दिलं, की छापलेला फोटो खोटा आहे आणि तो मी खोटा केलाय. पारितोषिक परत केलं. नोकरी गेली.

व्यवस्थापकाचा वकील तयारीने आला होता. "या फोटोवरची तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीची! वेळ सकाळी अकरा वीस! काय म्हणायचं याला?" खोलीत हशा पिकला. व्यवस्थापकही हसला. हसून घे, म्हटलं.

वादळबाईने पहिली फ्रेम दाखवली. कॅमेऱ्याची वेळ दहा अडतीस, घड्याळाची तीन पन्नास. तिथून लाँचच्या फ्रेमपर्यंत बेचाळीस मिनिटं. म्हणजे चार बत्तीस. नोंदवही म्हणते चार दहाला झेंडा चढला, आणि चार बत्तीसला खांब नागडा.

"घड्याळ कुणाचं?" वकिलाने विचारलं. मागच्या बाकावरून वडील उठले, मनगट पुढे धरून.

"माझं. छत्तीस वर्षं रोज सकाळी सातला जुळवतो."

"तरी आजोबा, पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे?"

"तुमच्या घड्याळात होत असतील," वडील म्हणाले. "सुनावणी अकराची होती. तुम्ही अकरा सतराला आलात."

या वेळी हशा पिकला तेव्हा व्यवस्थापक हसला नाही. त्याने पाणी मागितलं. पेला दातांवर वाजला, तो आवाज मी टेबलावरून ऐकला आणि मला इतका गोड वाटला की काय सांगू. मग कात्रीसाहेबाला उभं केलं. तो म्हणाला, कार्डं नियमाप्रमाणे पुसतो. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, "त्या दिवशी विभागात नऊ कार्डं होती. मग बाकीची आठ का पुसली नाहीत?" कात्रीसाहेब स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

फेरचौकशीत दोष व्यवस्थापकाचा ठरला. गोष्ट इथे संपली असती तर मी शांत झालो असतो. पण व्यवस्थापक वरच्या कोर्टात गेलाय. त्याचा वकील म्हणतो, पुसून परत काढलेला फोटो कसा मानायचा? मूळ कार्ड तज्ज्ञांनी तपासावं. तज्ज्ञ मिळत नाहीत. तारीख पडते, पुढे जाते, परत पडते. दगडावर अजून अकराच नावं आहेत.

आणि मी? मी एका पाकिटात आहे, वर लाखेचं सील, लोखंडी कपाटाचा तिसरा कप्पा. वीज न मिळता असा पडून राहिलो तर काही वर्षांनी माझ्यातली चित्रं आपोआप झिरपून जातील. व्यवस्थापकाला आणि त्याच्या वकिलाला ते कुणीतरी सांगितलंय. म्हणून त्यांना घाई नाही. मी विसरावं याची ते वाट बघताहेत.

दर तारखेला चालकाची बायको येते आणि कोर्टाच्या कारकुनाला पाकीट दाखवायला लावते.

"वहिनी, तिथेच आहे हो. पाय फुटणार आहेत का त्याला?"

"असू दे. दाखवा."

ती पाकिटावरून बोट फिरवते, माझ्या कडा चाचपते. त्या बोटाचा दाब मला कळतो. "आहे," असं म्हणून ती जाते.

तुम्ही हे वाचताय, तर एवढं करा. पुढच्या तारखेला त्या खोलीत जाऊन बसा. नुसते बसा, आणि घड्याळ बघत राहा. त्यांना बघणाऱ्यांची सवय नाही.

आणि कात्रीसाहेब, तुमचं नख आतापर्यंत पुन्हा वाढलं असेल. माझी कडी काही परत बसायची नाही. माझ्यावर आता कुणालाच काही लिहिता येणार नाही. जे आहे तेवढंच राहील. ढग, दोरी, पांढरा सदरा, आणि मधोमध रिकामा खांब.